काटेवाल्या मॅडमचं भाषण

दुकानातला फोन वाजला तेव्हा चष्मेवाले एका आजोबांच्या नाकावर नवी फ्रेम बसवून, फ्रेम वाकडी आहे की आजोबांचं नाकच, याचा अंदाज घेत होते. एका हाताने फ्रेम धरून त्यांनी दुसऱ्या हाताने फोन उचलला.

"हॅलो, डॉक्टर मॅडम आहेत का?" एका मुलीचा टवटवीत आवाज आला.

"नाहीत," चष्मेवाले म्हणाले.

"बरं. कधी येतील?"

चष्मेवाल्यांचा फ्रेम धरलेला हात आजोबांच्या कानामागे तसाच दाबून राहिला.

"अहो, कानामागे टोचतंय," आजोबा म्हणाले.

"ते काही सांगता येत नाही," चष्मेवाले फोनमध्ये म्हणाले.

"सांगता येत नाही काय? मी सांगतोय ना टोचतंय म्हणून!"

मुलीला आजोबांचं काही ऐकू गेलं नसावं. तिने उत्साहाने सांगून टाकलं की त्यांच्या संस्थेत सागरी जीवांवर परिषद भरतेय, पहिलं व्याख्यान मॅडमनीच द्यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे, आणि सी अर्चिनच्या विषयात मॅडमसारखं दुसरं कोणी नाही. "तुम्ही विचाराल का त्यांना?"

"विचारतो," चष्मेवाले म्हणाले.

तोवर ते एक अक्षर खोटं बोलले नव्हते. हे पहिलं.

त्यांची बायको समुद्रातल्या काटेरी गोळ्यांवर, म्हणजे सी अर्चिनवर, संशोधन करायची. खरं तर अख्ख्या अर्चिनवरही नाही, त्याच्या गर्भातल्या एका एन्झाइमवर. नोकरीची सगळी वर्षं तिने त्या एका एन्झाइमपायी घालवली आणि निवृत्त झाल्यावरही घरी बसून त्यावरच लिहीत राहिली. गल्लीत तिला 'काटेवाल्या मॅडम' म्हणत. मोबाइल तिने वापरून पाहिला, पण तो सारखा खाऱ्या पाण्याच्या टाकीत पडे. शेवटी तिने सगळ्यांना दुकानाचाच नंबर देऊन टाकला. "तुम्ही कुठे जाताय दुकान सोडून," असं म्हणायची. चष्मेवाले खरंच कुठे गेले नाहीत. तीच गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन, कोणाला नीट काळजी करायलाही वेळ न देता.

तेव्हापासून दुकानात येणारं प्रत्येक माणूस आवाज खाली आणून बोलत असे. नंबर वाढला म्हणून आलेले लोक आधी उसासा टाकत आणि मग नंबर सांगत. या सगळ्यात ही एकटीच मुलगी अशी, की जिने हसऱ्या आवाजात 'मॅडमना नमस्कार सांगा' म्हटलं होतं. फोन ठेवल्यावर चष्मेवाले बराच वेळ आजोबांच्या कानामागची काडी उगाच घासत राहिले.

घरी आता ताई होत्या. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. बहीण गेली तेव्हा आल्या त्या, "या माणसाला साधा चहा करता येत नाही," हे कारण काढून राहिल्या. दोघं जेवायला बसली की मीठ पुढे करा, पोळी घ्या, एवढंच बोलणं होई. त्या दिवशी चष्मेवाल्यांनी फोनची हकिकत सांगितली तेव्हा ताईंचा घास हातातच राहिला.

"आणि तुम्ही विचारतो म्हणालात? कोणाला विचारणार होतात?"

"तोंडातून निघून गेलं हो."

"उद्या सरळ सांगून टाका. एवढंसं वाक्य आहे."

वाक्य एवढंसं होतं हे खरं. चष्मेवाल्यांनी ते दुकानात मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी मुलीने फोन केला तो थेट, "व्याख्यानाचं नाव काय छापायचं?" असं विचारायलाच. "गर्भ आणि एन्झाइम," चष्मेवाले घाईघाईने म्हणाले, कारण समोर गिऱ्हाईक होतं. त्यानंतरच्या फोनला, "मॅडम एकट्या येणार की सोबत कोणी?" याला ते म्हणाले, "सोबत मी असेन." हे त्यांनी का म्हटलं ते त्यांनाही कळलं नाही. इतकी वर्षं ती परिषदांना एकटीच जात असे. दुकान कोण बघणार, म्हणून हे कधीच गेले नव्हते.

"तुमच्याच्याने होणार नाही," ताई म्हणाल्या. "मी येते दुकानात. मी सांगते."

पदर खोचून त्या आल्या, आणि फोन वाजताच त्यांनी चष्मेवाल्यांच्या हातून रिसीव्हर ओढून घेतला. "हे बघ मुली, मी मॅडमची मोठी बहीण बोलतेय. मला तुला एक सांगायचंय—"

"अय्या, बरं झालं तुम्ही भेटलात!" मुलगी म्हणाली. "मॅडमना जेवणात काय चालत नाही, ते यजमानांना विचारलं तर त्यांना आठवतच नव्हतं."

ताईंनी चष्मेवाल्यांकडे असं पाहिलं, की ते काउंटरमागे खाली वाकून उगाच काहीतरी शोधू लागले. "आठवत नव्हतं?" ताई म्हणाल्या. "तिला काकडी चालत नाही. लहानपणापासून. नुसत्या वासाने तिचं डोकं दुखतं. ती चिरलेल्या सुरीनेसुद्धा दुसरं काही चिरायचं नाही."

"लिहून घेतलं. आणखी काही?"

"नाही," ताई म्हणाल्या आणि रिसीव्हर ठेवून स्टुलावर बसल्या.

"सांगितलंत?" चष्मेवाल्यांनी काउंटरमागून विचारलं.

"बोलू नका माझ्याशी."

तरीही ते सांगून टाकलं गेलं असतं, पण मध्ये हरकतवाले आले. हे नाव बायकोनेच ठेवलेलं. दूरच्या कुठल्याशा संस्थेत हे एक प्राध्यापक होते आणि बायकोने काहीही छापलं की त्यावर हे हरकत घेत. गर्भाभोवतीचा पापुद्रा विरघळवणारं ते एन्झाइम गर्भाच्या फक्त वरच्या पेशी बनवतात, हे हिचं म्हणणं. सगळ्याच बनवतात, बाईंना नीट दिसलेलं नाही, हे त्यांचं. इतकी वर्षं भांडण चालू होतं, पण दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात भांडी आदळायला लागली की चष्मेवाले ओळखत, हरकतवाल्यांचं काहीतरी छापून आलंय.

"ते सरही येणार आहेत," मुलीने पुढच्या फोनवर सांगितलं. "म्हणाले, बाईंना समोरासमोर प्रश्न विचारायचाय. मॅडम येतील ना नक्की?"

चष्मेवाल्यांनी हे घरी सांगितलं. ताईंनी हातातली पोळी ताटात ठेवली.

"आणि ती तिथे नसली तर हा काय म्हणेल?"

"म्हणेल, घाबरली."

"माझी बहीण? घाबरली?" ताई उठल्या. "कुठल्या बसने जायचंय?"

"जाऊन काय करायचं पण?"

"तिथे जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट आहे का ती!"

हा मुद्दा दोघांनाही इतका पटला, की आपण गेले कित्येक दिवस तीच गोष्ट फोनवर सांगायला धडपडत होतो, हे दोघंही विसरून गेली.

परिषदेच्या दारात, टेबलामागे तीच मुलगी उभी होती. आवाजावरून चष्मेवाल्यांनी ओळखलं. यांनी नाव सांगताच ती टेबलाला वळसा घालून धावत आली आणि तिने ताईंचे दोन्ही हात हातात घेतले.

"मॅडम! फोटोपेक्षा किती वेगळ्या दिसता तुम्ही! आणि जेवणाची काळजी करू नका. आज इथे कोणाच्याच ताटात काकडी नाही. मी स्वतः स्वयंपाकघरात जाऊन सांगून आले."

'अगं, मी' एवढंच ताई म्हणाल्या. तेवढ्यात मुलीने बहिणीच्या नावाचं कार्ड त्यांच्या गळ्यात घातलंसुद्धा.

"सांगा ना हो," ताई ओठ न हलवता कुजबुजल्या.

"तुम्ही सांगा."

"मी कशी सांगू? तिने हात धरलाय माझा!"

हात धरूनच त्यांना सभागृहात नेण्यात आलं आणि पहिल्या रांगेत बसवण्यात आलं. अध्यक्ष लगेच बोलायला उभे राहिले. बाईंना तिथल्या कोणीच कधी पाहिलं नव्हतं, पण ऐकीव माहितीवरून त्यांनी बाईंची ओळख करून द्यायला सुरुवात केली आणि ती संपता संपेना. बाईंनी अर्चिनची अंडी निरखण्याची जी पद्धत काढली, ती आता कुठे कुठे वापरली जाते. बाईंनी किती जणांना हाताला धरून शिकवलं. एकदा टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं, तर बाई बादल्यांनी बर्फ वाहून कशा टाकीपाशी बसून राहिल्या. चष्मेवाले ऐकत होते. बर्फाच्या वेळी तिला घरी यायला उशीर झाला होता, हे त्यांना आठवत होतं. आमटी गार झाली म्हणून ते कुरकुरले होते. का उशीर झाला, हे विचारलं नव्हतं.

ताई तर सरळ रडायलाच लागल्या.

अध्यक्षांनी ते पाहिलं आणि ते गहिवरले. "बघा," ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या बाई, पण स्वतःचं कौतुक ऐकून डोळ्यांत पाणी!" लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "मॅडम, या."

ताईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "मी नाही जायची," त्या म्हणाल्या. "मला मेलीला उठताच येत नाहीये."

टाळ्या चालूच होत्या. कोणीतरी उठायला हवं होतं, म्हणून चष्मेवाले उठले.

"आपण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी तिचा नवरा."

अध्यक्षांनी पहिल्या रांगेत नाक पुसणाऱ्या ताईंकडे पाहिलं, त्याचा काहीतरी अर्थ लावला आणि ते माइकमध्ये म्हणाले, "बाईंचा घसा बसलेला दिसतो. सुरुवातीचे दोन शब्द त्यांचे यजमान बोलतील."

चष्मेवाल्यांना सांगायचं होतं ते खरोखर दोन शब्दांतच मावणारं होतं. त्यांनी माइक धरला. समोर माणसंच माणसं, आणि त्यातल्या निम्म्यांच्या फ्रेमा सैल झालेल्या. सगळे टक लावून पाहत होते, आणि त्या सगळ्यांना तिचं ते एन्झाइम ऐकायचं होतं. चष्मेवाल्यांच्या मनात आलं, एकदा का आपण ते वाक्य बोललो की ही माणसं उभी राहतील, मान खाली घालतील आणि आवाज बारीक करून बोलायला लागतील. एन्झाइम राहूनच जाईल. तेव्हा आधी एन्झाइम.

"मी चष्मे विकतो," त्यांनी सुरुवात केली. "मला यातलं काही कळत नाही. पण एकदा तिने मला दुकानात बसून समजावलं होतं." त्यांनी खिशातून चष्म्याची पेटी काढली. "ही पेटी म्हणजे अंड्याभोवतीचा पापुद्रा. आतला चष्मा म्हणजे गर्भ. अंडं फळलं की हा पापुद्रा वर उठतो आणि आतल्या गर्भाला जपतो. मग गर्भाला अगदी बारीक केस फुटतात, आणि तो आतल्या आत गोल गोल फिरायला लागतो. असा—"

त्यांनी पेटी फिरवली. पेटी जुनी होती. ती मध्येच उघडली आणि चष्मा टेबलावर आपटून खाली गेला.

"हे जरा लवकर झालं," चष्मेवाले म्हणाले.

सभागृह हसलं. चष्मेवाले टेबलाखाली वाकले, चष्मा घेऊन वर आले आणि त्यांना थोडा धीर आला. "लवकर झालं तर हे असं होतं. फार उशीर झाला तरी पंचाईत, कारण मग गर्भ आतच फिरत बसतो. म्हणून वेळ झाली की वरच्या बाजूच्या पेशी एन्झाइम सोडतात. खालच्या सोडत नाहीत. पापुद्रा विरघळतो, आणि अख्खा गर्भ पोहत बाहेर पडतो. ज्यांनी काही केलं नाही त्या खालच्या पेशीसुद्धा. एवढं सांगून ती माझ्याकडे बघत बसली. मी काहीतरी विचारीन असं तिला वाटलं असावं."

"मग काय विचारलंत?" मागून कोणीतरी ओरडलं.

"मी विचारलं, येताना दूध आणू का."

लोक खदखदून हसले. अध्यक्षसुद्धा हसले.

"ती म्हणाली, आणा." चष्मेवाले पेटीशी चाळा करत राहिले. "आता मला विचारावंसं वाटतं, की खालच्या का सोडत नाहीत? त्यांना येत नाही, की त्यांचं काम वेगळं आहे? आता रोज वाटतं."

"माझा प्रश्न जवळपास हाच आहे!" तिसऱ्या रांगेतून एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे राहिले. स्वेटरची बटणं त्यांनी एक घर चुकवून लावली होती. हे कोण, ते चष्मेवाल्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही. "पण तो यजमानांना नाही. मी इतक्या लांबून आलोय तो बाईंचं उत्तर ऐकायला. घसा बसला असेल तर हळू बोला, पण तुम्ही बोला, बाई."

मुलीने तत्परतेने माइक नेऊन ताईंच्या हातात दिला. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. सगळं सभागृह कान टवकारून बसलं.

"मी," ताई माइकमध्ये म्हणाल्या, "मी शिवण शिकवायची."

पुन्हा हशा पिकला. लोकांना वाटलं, बाई भारीच विनोदी आहेत.

"हसू नका," चष्मेवाले म्हणाले. त्यांचा आवाज एकदम इतका मोठा निघाला, की माइक किंचाळला. "त्या तिच्या ताई आहेत. माझी बायको वारली."

वाक्य एवढंसंच होतं. दुकानातून, बसमधून त्यांनी ते आणलं होतं आणि अजून कोणापुढे एकदाही म्हटलं नव्हतं. कारण ओळखीच्या सगळ्यांना ते आधीच माहीत होतं. म्हटल्यावर त्यांना जाणवलं, की आपल्या हातात रिकामी पेटी आहे आणि ती आपण घट्ट दाबून धरली आहे.

सगळे खरंच उभे राहिले. खुर्च्यांचा तेवढा आवाज झाला.

"पण तुम्ही फोनवर..." मुलगी पुटपुटली.

"नाहीत, म्हणालो होतो," चष्मेवाले म्हणाले. "तुम्ही विचारलंत, कधी येतील."

मुलगी रडायला लागली. ताईंनी तिला जवळ घेतलं आणि बहिणीच्या नावाचं कार्ड दोघींच्या मध्ये चुरगळलं. हरकतवाले मात्र तिसऱ्या रांगेत तसेच उभे होते. सगळे बसले तरी उभे होते. "पण माझा प्रश्न..." असं काहीतरी ते म्हणाले, आणि मग शेजारच्याने त्यांना धरून खाली बसवलं.

चहाच्या वेळी कोणी रागावलं नाही. चष्मेवाले त्याची तयारी करून आले होते, त्यामुळे त्यांना अवघडल्यासारखं झालं. अध्यक्षांनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. दुसऱ्या हातातला कप कुठे ठेवावा हे न कळून चष्मेवाले तसेच उभे राहिले. मग गर्दीतून हरकतवाले आले. त्यांच्या बशीत चहा सांडला होता.

"कधी?" त्यांनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी सांगितलं.

हरकतवाल्यांनी मनाशी काही जुळवून पाहिलं. "म्हणजे माझी शेवटची हरकत..."

"वाचली तिने. भांडी आदळली."

"आदळली?" त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच ओढल्यासारखा झाला. "त्यानंतर मी बाईंचा तो प्रयोग स्वतः करून पाहिला. पुन्हा पुन्हा केला. चूक सापडावी म्हणून केला. बाईंचं बरोबर आहे. फक्त वरच्याच पेशी बनवतात."

"म्हणजे ती जिंकली?"

"केव्हाच."

"मग हे तुम्हाला आधी कळवता आलं नाही?" ताई मध्येच कडाडल्या. "एक फोन करायला काय झालं होतं?"

"तीन-चारदा उचलला होता हो," हरकतवाले म्हणाले. "पण इतकी वर्षं भांडल्यावर फोनवर काय म्हणायचं? वाटलं, इथे सगळ्यांसमोर आधी जोरात प्रश्न विचारू, त्यांना झकास उत्तर देऊ दे, आणि मग म्हणू, मान्य. त्यांनाही बरं वाटलं असतं. आणि माझाही थोडा रुबाब राहिला असता." ते थांबले. "आता मी काहीही लिहिलं तरी ते कोण वाचणार? म्हणजे वाचतील सगळे. पण असं... रागावून?"

एवढं बोलताना त्यांचा चेहराच उतरला. ज्यांचं सांत्वन व्हायचं त्या चष्मेवाल्यांनाच आता हातातला कप खाली ठेवून या उंच गृहस्थांच्या पाठीवरून हात फिरवत उभं राहावं लागलं. ताई आधी रागाने बघत होत्या. मग त्यांनी पुढे होऊन हरकतवाल्यांच्या स्वेटरची बटणं सोडवली आणि सरळ लावून दिली.

दुपारच्या सत्रात हरकतवाल्यांचंच व्याख्यान होतं. चष्मेवाले आणि ताई घरी निघणार होते, पण मुलीने त्यांना पुन्हा पहिल्या रांगेत आणून बसवलं. हरकतवाल्यांनी आपलं लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि बाईंचा प्रयोग पहिल्यापासून सांगायला घेतला. अंडी कशी घ्यायची, पाणी किती थंड हवं, कुठल्या घटकेला थांबायचं. कुठे आपण त्यांना खोटं ठरवायला गेलो, आणि कुठे तोंडावर आपटलो. अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली. त्यांनी ऐकली नाही. पुन्हा वाजवली.

"थोडक्यात सांगायचं तर," हरकतवाले म्हणाले, "बाई म्हणतात की वरच्या पेशी—"

अध्यक्ष पुढे वाकले आणि हळुवारपणे म्हणाले, "म्हणायच्या, सर. म्हणायच्या."

हरकतवाल्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा मूळ स्वर परत आला.

"माझी हरकत आहे," ते म्हणाले. "'म्हणायचो' ते मी. मी म्हणायचो की सगळ्या पेशी, आणि ते चूक निघालं. बाई म्हणतात, वरच्या. जे बरोबर असतं ते माणूस म्हणतच राहतो. तेव्हा, बाई म्हणतात..."

आणि ते पुढे सांगू लागले. पुन्हा घंटा वाजवायचा धीर अध्यक्षांना झाला नाही.

ताईंना एका कानाने कमी ऐकू येई. त्या चष्मेवाल्यांकडे झुकल्या.

"काय म्हणतेय ती?"

"फक्त वरच्या पेशी," चष्मेवाले म्हणाले.

"मग बरोबर आहे," ताई म्हणाल्या, आणि टेकून बसल्या.